दाबातलं पाणी आणि भिंतीवरचं चित्र

(एपिसोडचं लेखी रूप. ऐकताना जे आकडे कानावरून निसटतात, ते इथे निवांत वाचता येतील.)



आजची गोष्ट रावेतमधल्या एका पंपरूमपासून सुरू होते आणि लंडनमधल्या एका आर्ट गॅलरीच्या तळघरात पोचते. मधे खडकी आहे, 'दर्पण' आहे, थरमॅक्स चौक आहे आणि दुसरं औंध आहे. 'दुसरं' का म्हणतोय ते शेवटी कळेल.

तर झालं असं. आमच्या सोसायटीत मागच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास पंप दर मिनिटाला चालू होऊन बंद पडायला लागला. टक, घर्रर्र, टक. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच तपास सुरू. "कुणाचा तरी नळ उघडा राहिलाय." "वरच्या मजल्यावर कोण कपडे धुतंय एवढ्या रात्री?" कुणाचाही नळ उघडा नव्हता. सकाळी प्लंबर काका आले. पंपाशेजारी ती एक गोलमटोल टाकी असते ना, तिच्यावर त्यांनी पाना ठोकून पाहिला. खालून वरपर्यंत एकच भरीव आवाज. मग टाकीच्या डोक्यावरचं टोपण काढून आतला व्हॉल्व्ह नखानं दाबला. सायकलच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह. त्यातून हवा यायला हवी होती, आलं पाणी. काका म्हणाले, "टाकीतली हवा गेली. आतलं रबर फाटलंय."

मी विचारलं, "काका, पाण्याच्या टाकीत हवा कशाला?"

काका हसले. "पाणी दाबलं जात नाही ना हो! हवा दाबली जाते."

हे एक वाक्य लक्षात ठेवा. गेल्या दोनशे वर्षांत मोठमोठ्या इमारती गरम करताना इंजिनिअर लोकांनी ज्या-ज्या चुका केल्या, त्यातल्या बऱ्याचशा या एका वाक्यापाशी येऊन थांबतात. आणि त्या इमारतीत जुनी चित्रं असली, तर चूक फार महागात पडते.

चित्रांनाही थंडी वाजते

साल १८१७. आपल्याकडे नोव्हेंबर महिन्यात दापोडीच्या पलीकडे, नदीपार, खडकीची लढाई झाली. पेशवाईचा शेवट जवळ आला. त्याच वर्षी लंडनच्या दक्षिणेला डलिच नावाच्या गावात एक चित्रदालन सगळ्या लोकांसाठी उघडलं. डलिच पिक्चर गॅलरी.

या गॅलरीची जन्मकथाही मजेशीर आहे. पोलंडच्या राजाला आपल्या देशासाठी एक राष्ट्रीय चित्रसंग्रह हवा होता. १७९० मध्ये त्यानं लंडनमधल्या नोएल डेझेनफान्स आणि फ्रान्सिस बुर्ज्वा या दोन चित्रव्यापाऱ्यांना काम दिलं. पाच वर्षं ते चित्रं गोळा करत राहिले. १७९५ मध्ये शेजारच्या सत्तांनी पोलंड वाटून घेतला. देशच नकाशावरून गेला आणि चित्रं लंडनमध्ये पडून राहिली. १८११ मध्ये बुर्ज्वा वारला, तेव्हा त्यानं संग्रह डलिच कॉलेजला दिला आणि इमारतीसाठी आर्किटेक्टचं नाव सुचवून ठेवलं. ते नाव होतं जॉन सोन.

सोननं एक कल्पना वापरली, जी पुढे जगभरच्या गॅलऱ्यांनी उचलली. उजेड वरून घ्यायचा. भिंतींना खिडक्या नाहीत, म्हणजे चित्रं लावायला भिंत मोकळी. छतात काचेचे कंदील, म्हणजे चित्रांवर मऊ उजेड. कल्पना झकास. पण काच म्हणजे हिवाळ्यात थंडीला उघडं दार. तिथली थंडी ओली असते. भिंती पाझरतात, कॅनव्हास सैल पडतो, लाकडी फळीवरचं चित्र असेल तर फळी फुगते. त्यामुळे गॅलरी गरम ठेवायला हवी. पण शेकोटी पेटवली तर काजळी चित्रांवर बसणार. मग आग एका टोकाला, तळघरात ठेवायची आणि तिची ऊब पाइपातून आणायची.

डलिचला यासाठी वाफ निवडली गेली आणि काम गेलं बोल्टन अँड वॉटकडे. हो, त्याच वाफेच्या इंजिनवाल्यांकडे. त्या काळातली सगळ्यात नावाजलेली कंपनी. तरीही ती यंत्रणा डोकेदुखीच ठरली.

असं का होतं, ते आपल्या भागातल्या कुठल्याही बॉयलर अटेंडंटला विचारा. वाफ पाइपात शिरते, पाइप तापून लांब होतो. वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, ते पाणी वाटेत साचतं. मागून येणारी वाफ त्याच्यावर आदळते आणि पाइपात हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. सांधे ढिले होतात. सांध्यातून ओल बाहेर येते. आणि जिथे ओल नको म्हणून एवढा खटाटोप केला, तिथेच ती पोचते.

आजच्या एपिसोडचा सगळा पेच इथे आहे. चित्रांना पाण्यापासून वाचवायला आपण पाणीच आणून त्यांच्या शेजारी ठेवतो. ते पाइपात राहिलं तर रक्षक. बाहेर आलं तर घात.

सोनचं स्वतःचं घर

हा जॉन सोन स्वतः लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स या चौकात राहायचा. १७९२ मध्ये एक घर घेतलं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. तिन्ही घरं आतून जोडून त्यानं त्यांचं संग्रहालय केलं. इजिप्तच्या सेती राजाची दगडी शवपेटी त्यानं १८२४ मध्ये दोन हजार पौंडांना विकत घेऊन तळघरात ठेवली. विल्यम होगार्थ या चित्रकाराची एका उधळ्या तरुणाच्या ऱ्हासावरची आठ चित्रांची प्रसिद्ध मालिका त्याच्याकडे होती. चित्रांची खोली अगदी लहान. मग त्यानं भिंतींना बिजागऱ्या लावल्या. कपाटाचं दार उघडावं तशी भिंत उघडते आणि आत आणखी चित्रं असतात. आजही हे सगळं तसंच आहे. कारण १८३३ मध्ये सोननं ब्रिटिश संसदेकडून खास कायदाच करून घेतला, की माझ्यानंतर हे घर शक्य तितकं जसंच्या तसं ठेवायचं.

पण हे घर काही केल्या गरम होईना. वरून उजेड यावा म्हणून जागोजागी काच, आत जिने, बोळ, दोन-दोन मजले उंच मोकळ्या जागा. गरम हवा वर पळून जायची. सोननं वर्षानुवर्षं एकामागून एक उपाय केले. शेगड्या झाल्या, गरम हवा झाली, वाफ झाली, साधं गरम पाणीही झालं. कशानंच समाधान होईना.

मग १८३२ उजाडलं. इकडे मुंबईत ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं होतं. तिकडे सोनच्या घरात एका अमेरिकन माणसाचे बारीक लोखंडी पाइप बसत होते.

पर्किन्स बाप-लेक

त्या माणसाचं नाव अँजियर मार्च पर्किन्स. त्याच्या आधी त्याच्या वडिलांबद्दल थोडं सांगतो, कारण ती वल्ली होती. जेकब पर्किन्स. मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, १८१९ मध्ये लंडनला आला. नोटा छापायच्या पोलादी पट्ट्या करण्यात त्याचा हातखंडा. जगातलं पहिलं चिकटवायचं पोस्टाचं तिकीट, १८४० चं 'पेनी ब्लॅक', त्याच्याच कंपनीनं छापलं. याच जेकबनं १८३४ मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. द्रवाची वाफ करायची, ती दाबायची, पुन्हा द्रव करायची आणि या फेऱ्यातून थंडावा मिळवायचा. तुमच्या घरातला फ्रीज आणि एसी आजही याच फेऱ्यावर चालतो.

बाप थंड करायच्या मागे, मुलगा गरम करायच्या. दोघांचं हत्यार एकच, दाब.

मुलानं १८३१ मध्ये जे पेटंट घेतलं, त्याची कल्पना अशी. जाड भिंतीचा लोखंडी पाइप घ्यायचा, बाहेरून साधारण एक इंच, आतून जेमतेम अर्धा इंच. तो घरभर फिरवून पुन्हा भट्टीत आणायचा आणि भट्टीत त्याची वेटोळी करायची. आत पाणी भरायचं आणि दोन्ही टोकं जोडून तोंड बंद करायचं. आता हे पाणी तापलं तरी उकळायची त्याला मुभा नाही. आपल्या कुकरमध्ये होतं तेच. दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. १५० अंश सेल्सिअसला पाणी द्रव ठेवायचं, तर बाहेरच्या हवेच्या जवळपास पावणेपाच पट दाब लागतो. म्हणजे बारीकशा पाइपातून भरपूर उष्णता नेता येते. भिंती फोडायला नकोत, कमानी तोडायला नकोत. सोनच्या त्या भूलभुलैयासारख्या घरासाठी हे वरदानच होतं.

पण इथे प्लंबर काकांचं वाक्य आडवं येतं. पाणी दाबलं जात नाही.

आकडा बघा. दहा अंशांचं १००० लिटर पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापवलं, तर ते १०२९ लिटरच्या आसपास होतं. वरचे एकोणतीस लिटर जाणार कुठे? पाइप पूर्ण भरलेला असेल आणि तोंड बंद असेल, तर ते पाणी लोखंड फाडून बाहेर येईल. पर्किन्सला हे माहीत होतं. म्हणून त्यानं यंत्रणेच्या सगळ्यात वरच्या टोकाला एक रुंद नळी ठेवली आणि तिच्यात पाणी न भरता हवा कोंडून ठेवली. पाणी फुगलं की हवा आकसेल, पाणी निवलं की हवा पसरेल.

रावेतच्या पंपरूममधल्या टाकीची ही पणजी समजा.

सोनचा शिष्य चार्ल्स जेम्स रिचर्डसन यानं १८३७ मध्ये इमारती गरम करण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात या यंत्रणेची भलामण केली. म्हणजे सोनच्या घरात ती चालली. पण बाकी ठिकाणी लोकांना धास्ती वाटू लागली. भट्टीजवळचा पाइप इतका तापायचा, की त्याला टेकलेलं लाकूड हळूहळू काळं पडायचं. १८४० च्या दशकात विमा कंपन्यांनी यावर प्रश्न उभे केले. जास्त दाब म्हणजे बारीक पाइप आणि कमी तोडफोड. पण जास्त दाब म्हणजे जास्त ताप, आणि सांधा फुटलाच तर जास्त नुकसान. ही देवाणघेवाण आजही सुटलेली नाही.

माळ्यावरची टाकी

मग बरेच जण सोप्या वाटेला लागले. दाब नकोच. पाणी शंभर अंशांच्या खालीच ठेवा, पाइप जाड घ्या आणि इमारतीच्या सगळ्यात वर एक उघडी टाकी ठेवा. पाणी फुगलं की टाकीत चढेल, निवलं की परत उतरेल. दाब मिळेल तो फक्त उंचीचा. हिशोब सोपा आहे. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक बार दाब.

ही पद्धत शंभर वर्षांहून जास्त काळ चालली. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडे. तिचं कौतुकच करायला हवं, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. पण आर्ट गॅलरीत दोन अडचणी येतात.

पहिली जागेची. गॅलरीचं छप्परच काचेचं असेल तर माळा आणणार कुठून? टाकी छपराच्या कोपऱ्यात कुठेतरी कोंबावी लागते. म्हणजे शेकडो लिटर पाणी थेट चित्रांच्या डोक्यावर. तरंगता गोळा अडकला, टाकी गंजली, थंडीत पाइप गोठून तडकला, की ते पाणी खाली उतरायचा रस्ता दालनातूनच जातो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. टाकी उघडी, म्हणजे पाण्याचा हवेशी रोजचा संबंध. साध्या ताज्या पाण्यात लिटरमागे आठ-नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. बंद पाइपात तो एकदा लोखंडाला लागला की संपतो. थोडा गंज होतो आणि पाणी शांत होतं. पण रोज नवा ऑक्सिजन मिळत राहिला, तर गंजही रोज चालू. काळा गाळ तयार होतो, रेडिएटरच्या तळाशी बसतो, पाइप आतून पातळ होत जातो. बाहेरून रंग मात्र चकाचक.

बंद टाकी, रबरी पडदा

विसाव्या शतकात पुन्हा पर्किन्सच्या कल्पनेकडे लोक वळले, पण एका सुधारणेसह. हवा आणि पाणी यांच्यामध्ये रबराचा पडदा. पर्किन्सच्या नळीतली हवा पाण्याला टेकलेली होती, ती हळूहळू पाण्यात विरघळून जाऊ शकते. पडदा आला आणि हवा एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला, असं झालं. टाकी तळघरात ठेवता येऊ लागली. माळ्यावरचं पाणी गेलं.

पण मग वरच्या मजल्यापर्यंत दाब कोण देणार? त्यासाठी आलं प्रेशरायझेशन युनिट. फ्रीजएवढी पेटी. आत छोटी टाकी, एक-दोन लहान पंप आणि दाब मोजणारा सेन्सर. दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की पंप थोडं पाणी आत ढकलतो.

एखाद्या जुन्या गॅलरीत माळ्यावरची टाकी काढून असं युनिट बसवायचं ठरलं, तर हिशोब कसा होतो ते पाहू. समजा इमारत १५ मीटर उंच आहे आणि पाइप-रेडिएटर मिळून ५००० लिटर पाणी आहे. १५ मीटर म्हणजे दीड बार. सगळ्यात वरच्या रेडिएटरलाही थोडा जास्तीचा दाब हवा, नाहीतर तिथे व्हॉल्व्हच्या फटीतून हवा आत ओढली जाते. म्हणून थंड असताना १.८ बार धरू. पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापलं की जवळपास १४५ लिटर फुगणार.

आता मुख्य प्रश्न. दाब वर किती जाऊ द्यायचा? ४ बारपर्यंत चालत असेल तर साधारण ३३० लिटरची टाकी पुरते. पण पाइप शंभर वर्षांचे आहेत, रेडिएटर बिडाचे आहेत, त्यांनी आजवर जेमतेम दीड-दोन बार पाहिलाय. त्यांना ४ बार दाखवायचा धीर कुणाला होईल? वरची मर्यादा ३ बार ठेवली, तर टाकी लागते ४८० लिटरच्या पुढे. जुन्या पाइपांवर दया करायची तर टाकी मोठी घ्यावी लागते. आणि मोठी टाकी तळघराच्या शंभर वर्षांपूर्वीच्या दारातून आत न्यावी लागते. अशा कामात दार मोजायची टेप आणि दाबाचा गेज दोन्ही सारखेच महत्त्वाचे.

गुपचूप पाणी भरणारं यंत्र

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट.

उघड्या टाकीच्या काळात गळती झाली तर कुणाला तरी कळायचं. टाकी रिकामी व्हायची, वरचे रेडिएटर थंड पडायचे, लोक ओरडायचे. नवं युनिट आलं आणि ओरडा बंद झाला. दाब कमी झाला की यंत्र आपणहून पाणी भरतं. सगळं छान गरम. कुणाची तक्रार नाही.

हिशोब करा. भिंतीतल्या एका सांध्यातून तासाला फक्त दोन लिटर पाणी जातंय. एका वर्षात साडेसतरा हजार लिटर! पाच हजार लिटरची यंत्रणा वर्षात तीनदा पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली, असा त्याचा अर्थ. प्रत्येक लिटरबरोबर नवा ऑक्सिजन, म्हणजे नवा गंज, म्हणजे नवी गळती. आणि ते साडेसतरा हजार लिटर कुठेतरी जुन्या भिंतीत मुरतायत. त्याच भिंतीवर चित्र टांगलेलं आहे.

याचा दुसरा प्रकार तर थेट आमच्या सोसायटीतलाच. टाकीतला रबरी पडदा फाटला, हवा गेली. आता पाणी तापलं की फुगायला जागा नाही. दाब झपाट्यानं चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी गटारात जातं. रात्री यंत्रणा निवते, दाब पडतो, युनिट नवं पाणी भरतं. रोज सकाळी बाहेर, रोज रात्री आत. वरच्या दालनात सगळं शांत, तापमान अगदी हवं तसं, आणि लोखंड आतून सडतंय.

नुकसान भरून काढणारं यंत्र तेच नुकसान लपवूनही ठेवतं. म्हणून चांगला इंजिनिअर युनिट बसवताना त्याच्या आधी पाण्याचा मीटर लावतो. भरलेलं पाणी वहीत लिहायचं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे भरलं तर यंत्रानं थांबावं आणि अलार्म द्यावा. गॅलरी एक दिवस थंड राहिली तरी चालेल. चित्रं थंडीनं एका दिवसात मरत नाहीत.

त्यांना मारतो तो चढउतार. दहा अंशांची ऐंशी टक्के दमट हवा नुसती वीस अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता बेचाळीस टक्क्यांच्या आसपास येते. रोज हे वर-खाली झालं, तर लाकूड रोज फुगतं, रोज आकसतं आणि वरचा रंग सुटू लागतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीनं आपली चित्रं वेल्समधल्या मानॉड डोंगरातल्या दगडाच्या खाणीत लपवली होती. तिथे तापमान आणि आर्द्रता सतत स्थिर ठेवली गेली. वर्षानुवर्षं ज्यांचे पोपडे निघायचे, ती चित्रं खाणीत शांत राहिली. युद्धानंतर परत आली आणि पोपडे पुन्हा सुरू झाले. तेव्हा लोकांना नीट पटलं, की उबेपेक्षा स्थिरपणा मोठा.

मग आपल्याकडे काय?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे गॅलरी गरम करायची असते? बरोबर. आपलं दुखणं उलटं आहे, पण पाइप तेच.

मुंबईत जॉर्ज विटेटनं बांधलेल्या दोन इमारती जवळजवळ समोरासमोर आहेत. एक कावसजी जहांगीर हॉल, १९११ चा. सभा आणि मैफिलींसाठी बांधलेला, १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. दुसरी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ती १९१४ मध्ये बांधून झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी दवाखाना होता, आणि संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये उघडली. समुद्र हाकेच्या अंतरावर. जुलैमध्ये तिथली हवा पिळून काढावी इतकी दमट. जुन्या इमारतीत चित्रं टिकवायची तर हवा थंड आणि कोरडी करावी लागते. मोठ्या इमारतीत हे काम बहुतेक वेळा सात अंशांच्या आसपासचं थंड पाणी बंद फेऱ्यात फिरवून करतात.

हे पाणीही फुगतं-आकसतं. पस्तीस अंशांवरून सात अंशांवर गेलं, तर १००० लिटरमागे सहा लिटरचा फरक. गरम यंत्रणेपेक्षा फारच कमी. पण दाब इथेही तेवढाच लागतो, हवा आत शिरू नये म्हणून. आपल्याकडे बऱ्याच इमारतींत अजून गच्चीवरची उघडी टाकीच हे काम करते. आणि तिच्याबरोबर तोच ऑक्सिजन, तोच गंज, तोच तरंगता गोळा.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये शंभर वर्षं जुनी चित्रदालनं नाहीत. पण दाब आपल्याइतका कुणाला कळतो? १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पेनिसिलिनच्या कारखान्यात सगळं निर्जंतुक करायला वाफ लागते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीत शेडवर शेड उभ्या राहिल्या. कासारवाडीत फोर्ब्स मार्शलचं आयुष्य वाफेतच गेलं. आणि ज्या थरमॅक्स चौकात तुम्ही रोज सिग्नलला अडकता, ती थरमॅक्स १९६६ मध्ये वॉन्सन इंडिया या नावानं बॉयलर करायला लागली, १९८० मध्ये थरमॅक्स झाली. आज ती उष्णतेवर चालणारी थंड करायची यंत्रंही बनवते. पर्किन्स बाप-लेकांचं काम एकाच छपराखाली!

आणि हे ज्ञान फुकट आलेलं नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. सगळ्या देशासाठी १९२३ चा बॉयलर कायदा झाला आणि आता २०२५ चा नवा. म्हणून तुमचे काका, बाबा, मामा बॉयलरवर असतील तर त्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागलं असेल. तासातासाला गेज वाचून लॉगबुक भरायची त्यांची सवय हीच त्या गॅलरीतल्या चित्रांची खरी विमा पॉलिसी.

दुसरं औंध

शेवट औंधचा. ब्रेमेन चौकवालं नाही हं. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराखालचं औंध. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि स्वतः चित्रकार. १९१० मध्ये त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपल्या संस्थानात जागा दिली. माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरापासून सुरुवात झाली आणि पुढे पंप आले. आज महाराष्ट्रात पंप म्हटलं की ओठावर येणारं नाव त्या जमिनीतून उगवलं.

त्याच राजानं १९३८ मध्ये डोंगरउतारावर आपल्या संग्रहासाठी भवानी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्यांची चित्रं तिथे आहेत, हेन्री मूर यांचं आई आणि मूल हे शिल्पही आहे. ज्यानं पंपाच्या कारखान्याला जागा दिली, त्यानं चित्रांसाठी मात्र उजेड वरच्या बाजूनं येईल आणि हवा खेळती राहील अशी इमारत बांधून घेतली. जाड भिंती, कोरड्या भागातला डोंगर आणि नीट विचार करून ठेवलेल्या खिडक्या.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. लंडनच्या हिवाळ्यात आणि मुंबईच्या जुलैत नुसत्या खिडक्यांनी भागत नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी इमारत स्वतः काय सांभाळते ते बघायचं. उरलेलं यंत्राला द्यायचं. आणि यंत्राला दिलं, की त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूसही द्यायचा.

आमच्या सोसायटीत रबर बदललं. पंप आता रात्री झोपतो, आम्हीही. मी वॉचमन काकांना एक वही आणून दिलीय. सकाळ-संध्याकाळ गेजचा आकडा लिहायचा. दोघांचा मिळून एक मिनिट जातो.

तुम्हीही उद्या खाली जाऊन तुमच्या पंपरूममधला गेज वाचा. शेजारच्या गोल टाकीवर बोटानं टकटक करा. वरून पोकळ आणि खालून भरीव आवाज आला तर हवा शाबूत आहे. सगळा भरीव आला तर प्लंबर काकांना फोन लावा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पाण्याला फुगायला थोडी जागा ठेवा.